भातुकली : रिकाम्या वाटीतले शिक्षण

झाशीच्या जुन्या शहराभोवती एकेकाळी दहा दरवाज्यांची तटबंदी होती. त्यांपैकी लक्ष्मी गेटमधून बाहेर पडले की लक्ष्मी तलाव लागतो. तलावाजवळ अठराव्या शतकातील महालक्ष्मीचे मंदिर आहे आणि राजे गंगाधरराव नेवाळकर यांची छत्रीही याच परिसरात आहे. १८५३ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर राणी लक्ष्मीबाईंनी ती उभारली. नेवाळकर घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. त्यांच्या राज्यात अनेक मराठी कुटुंबे बुंदेलखंडात स्थायिक झाली आणि त्यांच्याबरोबर मराठी सणवारही तिकडे गेले. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकात झाशीच्या किल्ल्यात थाटाने झालेल्या चैत्रातील हळदीकुंकवाचे वर्णन आहे.

चैत्रगौरीपुढची आरास ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल की तिच्या पायऱ्यांवर फळे आणि फराळाच्या जोडीने एक वेगळी गोष्ट मांडलेली असते. ती म्हणजे घरातल्या मुलींच्या बाहुल्या आणि भातुकली. एरवी फडताळात किंवा डब्यात पडून असलेली इवलीशी पितळी पातेली, चूल, पोळपाट-लाटणे त्या दिवशी घासूनपुसून देवीसमोर येतात. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांची ओटी भिजवलेल्या हरभऱ्यांनी भरली जाते. अक्षय तृतीयेला चैत्रगौरीची सांगता होते. बुंदेलखंडात तोच दिवस ‘अकती’ म्हणून साजरा होतो. त्या दिवशी तिथल्या मुली कापडाच्या पुतरा-पुतरियांचे, म्हणजे बाहुला-बाहुलीचे लग्न लावतात आणि भिजवलेले हरभरे वाटतात. एकाच दिवशी, एकाच शहरात, दोन भाषांमधील मुलींचा खेळ सणाचा मान मिळवतो, ही नोंद घेण्यासारखी बाब आहे.

परंतु सणाचा मान मिळाला तरी या खेळाला शिक्षणाचा मान क्वचितच मिळाला. ‘भातुकली’ हा शब्द मराठीत आजही पोरखेळ या अर्थाने वापरला जातो. ‘संसार म्हणजे भातुकली नव्हे’ असे सहज म्हटले जाते. दुसरीकडे, गेल्या काही दशकांत बालमानसशास्त्राने या खेळाकडे फार बारकाईने पाहिले आहे. लाकडी टोमॅटो, मातीची चूल किंवा पानाची पोळी हाती आल्यावर मुलाच्या मनात नेमके काय घडते, या प्रश्नाची काही उत्तरे आता स्पष्ट आहेत, तर काहींविषयी अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत.

सांडलेला चहा, जो कधी नव्हताच

साधारणपणे पहिला वाढदिवस उलटल्यानंतर काही महिन्यांत मूल रिकामा पेला ओठांना लावून पिण्याचा आविर्भाव करू लागते. आरंभी हा खेळ स्वतःपुरताच असतो. दीड ते दोन वर्षांच्या सुमारास ते बाहुलीला किंवा आजीला ‘भरवू’ लागते. त्यानंतर कृतींची साखळी तयार होते. भांडे चुलीवर ठेवायचे, ढवळायचे, वाढायचे, फुंकर घालायची आणि मगच भरवायचे. याच सुमारास एका वस्तूच्या जागी दुसरी वस्तू येते. वडाचे पान पोळी होते, वाळू साखर होते, काडी पळी होते. चार-पाच वर्षांचे मूल तर वस्तूवाचूनही काम भागवते. मोकळ्या तळहातावर ‘लाडू’ ठेवला जातो आणि घेणाराही तो सांडू न देता घेतो.

हे सर्व मोठ्यांचे अनुकरण आहे, असे वरकरणी वाटते. ते केवळ अनुकरण नाही, हे दाखवणारा एक अतिशय साधा प्रयोग ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ॲलन लेस्ली यांनी केला. दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांसोबत त्यांनी चहापानाचा खेळ मांडला. मुलाने दोन रिकाम्या कपांमध्ये खोटाखोटा चहा ओतला. मग त्यांतील एक कप प्रयोगकर्त्याने उलटा करून झटकला आणि पुन्हा जागेवर ठेवला. ‘आता रिकामा कप कोणता?’ या प्रश्नावर मुलांनी उलटा केलेला कप दाखवला. वस्तुतः दोन्ही कप पहिल्यापासूनच रिकामे होते. जो चहा नव्हताच तो एका कपातून सांडला आहे आणि दुसऱ्यात तसाच आहे, हे दोन वर्षांचे मूल ध्यानात ठेवते. शिवाय खऱ्या चहाचा नियम त्या काल्पनिक चहालाही लावते. त्याचा गोंधळ होत नाही आणि तहान लागली तर ते त्या कपाकडे वळतही नाही. जे समोर आहे ते आणि जे मानले आहे ते, असे दोन हिशेब ते एकाच वेळी मनात वेगवेगळे ठेवते.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी १९३३ मध्ये लेनिनग्राड येथे दिलेल्या खेळाविषयीच्या व्याख्यानात याच गोष्टीवर भर दिला होता. त्यांच्या मते अगदी लहान मुलाच्या दृष्टीने वस्तू आणि तिचा अर्थ एकमेकांना चिकटलेले असतात. काठीला घोडा मानून तिच्यावर स्वार होणारे मूल प्रथमच अर्थ वस्तूपासून सोडवून घेते. भातुकलीला हे तंतोतंत लागू पडते. पानाला पोळी म्हणताना पोळीचा अर्थ खऱ्या पोळीपासून सुटतो आणि पानावर जाऊन बसतो. पुढे कागदावरची एक आकृती म्हणजे ‘प’ हा ध्वनी आणि दुसरी आकृती म्हणजे पाच ही संख्या, हे मुलाने मान्य करायचे असते. तेथेही एका गोष्टीने दुसरीच्या जागी उभे राहायचे असते. अक्षराकडे जाणारी वाट पानाच्या पोळीवरून जाते, हे वायगॉट्स्कींचे म्हणणे म्हणूनच बालवाडीच्या शिक्षकांना आजही मोलाचे वाटते.

त्याच व्याख्यानात त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला होता. खेळात मूल मोकळे असते असे आपण मानतो, पण प्रत्यक्षात ते नियमांनी बांधलेले असते. सात आणि पाच वर्षांच्या दोन बहिणी ‘आपण बहिणी बहिणी खेळू या’ असे ठरवून खेळू लागतात तेव्हा त्या एरवीपेक्षा अधिक ‘बहिणींसारख्या’ वागतात, असे उदाहरण त्यांनी दिले आहे. भातुकलीत आई झालेली मुलगी पाहुण्यांना वाढल्याशिवाय स्वतः जेवत नाही. एरवी खाऊच्या डब्यावर प्रथम झडप घालणारी हीच मुलगी असते. डोळ्यांसमोर गुळाचा खडा असताना तो ‘नैवेद्य’ म्हणून न खाता बसणे हा संयमाचा कठीण धडा आहे आणि तो कोणी दिलेला नसून मुलाने स्वतःच स्वतःला घातलेला आहे.

पाच पाहुणे, पाच ताटे

बालवाडीतील अनुभवी शिक्षिका भातुकलीच्या कोपऱ्यात काय पाहते, याचा विचार केला तर या खेळातील शिक्षण अधिक ठळकपणे लक्षात येते. पाच पाहुणे येणार असतील तर ताटे पाच हवीत. प्रत्येक ताटाला एक वाटी हवी. वाट्या चारच निघाल्या तर एक कमी आहे, हे मूल मोजण्याआधीच मांडणीतून ओळखते. एकास एक जोडी लावण्याची ही समज संख्येच्या कल्पनेचा पाया आहे. एक पोळी दोघांत वाटायची तर अर्धी-अर्धी करावी लागते. मोठ्या पातेल्यातले पाणी लहान पातेल्यात मावत नाही. झाकण आपल्याच भांड्यावर बसते, दुसऱ्यावर बसत नाही. आधी फोडणी, मग भाजी, मग झाकण, मग वाट पाहणे, हा क्रम उलटा झाला की सोबतची मुले लगेच हरकत घेतात.

भाषेच्या दृष्टीने तर हा खेळ विशेष समृद्ध आहे. भातुकलीत दोन पातळ्यांवर बोलणे चालते. एका पातळीवर मुले पात्र म्हणून बोलतात : ‘या, बसा, चहा घेणार ना?’ दुसऱ्या पातळीवर ती खेळाविषयी बोलतात : ‘तू आता म्हण की मीठ कमी आहे, मग मी रडते.’ नाटकातला नट आणि दिग्दर्शक अशा दोन्ही भूमिका पाच वर्षांचे मूल क्षणात बदलते. या दुसऱ्या प्रकारच्या बोलण्यात जर, मग, म्हणून, समज, आधी, नंतर असे शब्द सतत येतात. एरवी घरात मुलाच्या वाट्याला ‘ये’, ‘खा’, ‘आवर’ असे आज्ञार्थी संवाद अधिक येतात. येथे मात्र त्याला स्वतः युक्तिवाद करावा लागतो, कारण आई कोणी व्हायचे यावर तोडगा निघाल्याशिवाय खेळच सुरू होत नाही.

रुसवेफुगवे हा या खेळाचा अविभाज्य भाग आहे. मोठी माणसे त्यात घाईने मध्यस्थी करतात. बहुतेक वेळा त्याची गरज नसते.

इवल्या भांड्यांचा शब्दकोश

मराठी घरांतील जुन्या भातुकलीचे संच पाहिले तर त्यात एका संपूर्ण स्वयंपाकघराची प्रतिकृती आढळते. पितळ, तांबे, लाकूड, दगड, माती अशा निरनिराळ्या द्रव्यांची ही भांडी असत. त्यांत चूल, तवा, कढई, झारा, पळी, उलथणे, सांडशी, परात, रोवळी, सूप, चाळणी, किसणी, विळी, खलबत्ता, पाटा-वरवंटा, जाते, उखळ-मुसळ, शेवेचा सोऱ्या, हंडा, कळशी, घंगाळ आणि पाणी तापवण्याचा बंबसुद्धा असे. सावंतवाडीच्या कारागिरांनी लाकडावर लाखेचे रंग चढवून केलेली भातुकली आणि लाकडी फळे कोकणातून मुंबई-पुण्यापर्यंत पोहोचली. उत्तर भारतात दिवाळीच्या बाजारात मातीची छोटी चूल, जाते आणि भांडी विकायला येतात. त्यांच्या जोडीला साखरेचे हत्ती-घोडे असतात, जे खेळून झाल्यावर खाऊनही टाकता येतात.

यांतील बऱ्याच वस्तू आज घरात उरलेल्या नाहीत. रोवळी म्हणजे काय, हे शहरातील मुलाला सांगावे लागते. अनेक घरांत रोवळी, घंगाळ आणि बंब हे शब्द आता केवळ भातुकलीच्या डब्यातच जिवंत आहेत. याबद्दल हळहळ व्यक्त करणे सोपे आहे. परंतु भातुकली ही नेहमीच समकालीन घराची नक्कल होती, हेही विसरता येत नाही. स्टोव्हची भातुकली आली, मग गॅसच्या शेगडीची, मग कुकर आणि मिक्सरची. आजच्या मुलाने मायक्रोवेव्हचे बटण दाबून ‘टिंग’ असा आवाज काढला तर त्यात वावगे काही नाही.

प्रश्न प्लास्टिकचा किंवा आधुनिकतेचा नसून वेगळाच आहे. आज बाजारात मिळणाऱ्या अनेक संचांमध्ये खेळणे स्वतःच सारे सांगून टाकते. पिझ्झाचे सहा तुकडे पिझ्झाच राहतात. बटण दाबल्यावर चर्र असा फोडणीचा आवाज येतो, म्हणून तो आवाज मुलाला तोंडाने काढावा लागत नाही. याउलट दगड हा बटाटा, साबण, पैसा किंवा झोपलेले बाळ यांपैकी काहीही होऊ शकतो. अर्थात अगदी लहान मुलांसाठी खऱ्यासारखे दिसणारे खेळणे उपयोगी ठरते. दोन वर्षांच्या मुलाला केळ्यासारखे केळे दिले तर खेळात शिरणे सोपे जाते. कल्पना स्थिर झाल्यावर, तीन-साडेतीन वर्षांनंतर, मोघम वस्तू अधिक काम देतात. त्यामुळे ‘लाकडी चांगले, प्लास्टिक वाईट’ अशी सरसकट विभागणी करण्यात फारसे तथ्य नाही. खेळण्याने मुलासाठी किती काम शिल्लक ठेवले आहे, हे पाहणे अधिक योग्य ठरते.

खोटे जेवण की खरे?

या विषयावर जगभरातील शिक्षणतज्ज्ञांचे एकमत मात्र नाही. इटलीच्या डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह सुरू केले. तेथे सुंदर खेळणी उपलब्ध असूनही मुले त्यांच्याकडे फारशी वळत नाहीत आणि खऱ्या कामात रमतात, असे निरीक्षण त्यांनी नोंदवले. म्हणून मॉन्टेसरी पद्धतीत खोट्या स्वयंपाकघराऐवजी मुलाच्या हाताला पेलणारी खरी भांडी असतात. मूल खरे पाणी ओतते, खरी भाजी चिरते, सांडले तर स्वतः पुसते. डॉ. मॉन्टेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या आणि दुसऱ्या महायुद्धाचा काळ त्यांनी येथेच घालवला. त्यामुळे त्यांचे विचार भारतीय बालशिक्षणात खोलवर रुजले.

त्यांच्या निरीक्षणाला अलीकडे काहीसा दुजोराही मिळाला आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठातील अँजेलिन लिलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांना भाजी चिरण्यासारखी कामे खरी करायला आवडतील की खोटीखोटी, असे विचारण्यात आले. बहुसंख्य मुलांचा कौल खऱ्या कामाकडे होता. त्यापूर्वी २०१३ मध्ये लिलार्ड यांच्याच गटाने कल्पित खेळाविषयीच्या अनेक दशकांच्या संशोधनाचा आढावा घेतला होता. कल्पित खेळामुळेच भाषा, बुद्धी किंवा संयम वाढतो, हे सिद्ध करण्याइतका पुरावा उपलब्ध नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. जी मुले असे खेळ अधिक खेळतात त्यांची भाषा चांगली असते हे खरे, पण भाषा चांगली असल्यामुळे ती अधिक खेळत असतील, किंवा सोबत खेळणाऱ्या आईवडिलांच्या बोलण्यामुळे दोन्ही गोष्टी घडत असतील, ही शक्यता उरते. यावर इतर संशोधकांनी असे उत्तर दिले की मोकळा खेळ आणि पाठ यांच्यामध्ये एक तिसरा मार्ग आहे. खेळाची सूत्रे मुलाच्या हाती राहतात आणि मोठे माणूस एखादा प्रश्न, एखादी वस्तू पुरवून त्याला दिशा देते.

या पार्श्वभूमीवर, ‘बुद्धी वाढवणारे स्वयंपाकघर’ अशा जाहिरातींसह विकल्या जाणाऱ्या संचांकडे पालकांनी सावधपणेच पाहायला हवे. डब्यातून बुद्धी मिळत नाही.

येथे मराठी भातुकलीचे एक वैशिष्ट्य लक्षात घेण्याजोगे आहे. जुन्या मराठीत ‘भातुकें’ म्हणजे मुलांना दिलेला खाऊ. ‘भातुकली’ हा शब्द त्याच कुळातला. म्हणजे या खेळाच्या नावातच खरे अन्न आहे. भांडी खोटी, चूल खोटी, नाती खोटी, पण पातेल्यात चुरमुरे, गूळ, पोहे, कधी आईने मळलेल्या कणकेचा गोळा. कणकेची लहानशी पोळी खरोखर लाटायची, तव्यावर खोटीखोटी भाजायची आणि शेवटी गूळ-पोहे खरोखर खायचे. खरे की खोटे या वादात ज्या दोन गोष्टी परस्परविरोधी म्हणून मांडल्या जातात, त्या या खेळात एकाच पाटावर बसलेल्या असतात. चिमुकले लाटणे फिरवताना बोटांची ताकद आणि मनगटाचे वळण खरे असते आणि तेच पुढे पेन्सिल धरताना उपयोगी पडते. पाहुणे मात्र कल्पनेतले.

बोर्डी ते कोसबाड

शिंपले, बिया, पाने आणि दगड यांतून शिक्षण घडवण्याचा देशातील एक महत्त्वाचा प्रयोग महाराष्ट्राच्याच किनाऱ्यावर झाला. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ प्रारंभापासून त्यांच्या सोबत होत्या. मॉन्टेसरी पद्धतीची आयात साधने खेड्यातील शाळेला परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी परिसरात फुकट मिळणाऱ्या वस्तूंमधून साधने बनवली. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीच्या जवळ नेण्यात आले.

तेथे त्यांना एका वेगळ्या वास्तवाला सामोरे जावे लागले. शहरातील मूल ज्या वयात भातुकलीतले बाळ सांभाळते, त्या वयात आदिवासी पाड्यावरील मुलगी खरे भावंड कडेवर घेऊन फिरत होती. मुलगे गुरे राखत होते. त्यांच्याकडे खरे काम भरपूर होते. कमतरता होती ती खेळाच्या वेळेची. ताराबाई आणि अनुताईंनी शाळाच पाड्याच्या अंगणात नेली. गुराख्यांसाठी कुरणशाळा काढल्या आणि धाकट्या भावंडांसाठी पाळणाघराची सोय केली, म्हणजे थोरल्या बहिणीचे हात मोकळे होतील. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री देऊन गौरवण्यात आले. ‘अंगणवाडी’ हा त्यांच्या प्रयोगातून पुढे आलेला शब्द २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे देशभर पोहोचला. झाशीतील केंद्रही आज ‘आंगनवाड़ी’ याच नावाने ओळखले जाते.

भातुकली कोणाची?

भातुकली हा मुलींचा खेळ मानला गेला आणि त्यामागे एक कठोर इतिहास आहे. राणी लक्ष्मीबाईंचा विवाह १८४२ मध्ये झाला. त्यांचे जन्मवर्ष काही अभ्यासक १८२८ मानतात, तर काही १८३५. पहिले ग्राह्य धरले तर विवाहसमयी त्या १४ वर्षांच्या होत्या, दुसरे धरले तर अवघ्या ७ वर्षांच्या, म्हणजे भातुकलीच्याच वयाच्या. ज्या समाजात सात-आठ वर्षांच्या मुली सासरी जात, तेथे खेळातली चूल आणि खरी चूल यांत फारसे अंतर नव्हते. मुलींच्या विवाहाचे किमान वय १४ ठरवणारा शारदा कायदा १९२९ मध्ये संमत झाला. त्यानंतरही हे अंतर सावकाशच वाढले.

मुलग्यांना या खेळात सहसा एकच भूमिका मिळे. कामावर जायचे, परत यायचे आणि वाढलेले जेवायचे. मुले घरात जे पाहतात तेच खेळतात, त्यामुळे हा दोष खेळाचा म्हणता येणार नाही. बालभारतीने २०१९ मध्ये इयत्ता दुसरीच्या पाठ्यपुस्तकात आई आणि वडील दोघे मिळून घरकाम करीत असल्याची चित्रे दिली, तेव्हा त्याची बरीच चर्चा झाली. बालवाडीत एखादा मुलगा पोळपाटाकडे वळला तर त्याला ट्रककडे पाठवण्याची घाई न करणे, ही त्याच दिशेची लहानशी पण परिणामकारक कृती आहे.

कोपरा कोठे आहे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानण्यात आला आणि खेळातून शिक्षणावर भर देण्यात आला. त्यानुसार पायाभूत टप्प्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये आणि खेळणी, बाहुल्या व कोडी यांचा ‘जादुई पिटारा’ फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. कागदावर भातुकलीला आता पूर्ण मान्यता आहे.

व्यवहारात मात्र तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पाटी-पेन्सिल देणारी शाळा पालकांना अधिक ‘चांगली’ वाटते. वहीत घरी नेण्यासारखे काही दिसते. भातुकलीत तसे काही उरत नाही. भांडी उचलून ठेवली की खेळ संपला. महाराष्ट्रातील १ लाखाहून अधिक अंगणवाड्यांपैकी अनेक केंद्रे एका खोलीत चालतात. त्याच खोलीत आहार, वजन-उंचीची नोंद आणि शिक्षण असे सर्व काही उरकावे लागते. अशा ठिकाणी महागडा संच मागवण्याची आवश्यकता नाही. घरून आणलेली जुनी वाटी, चमचे, नारळाच्या करवंट्या, स्वच्छ धुतलेले डबे आणि एक चटई एवढ्यावर कोपरा तयार होतो. अंगणवाडीत रोज खरा आहार वाटला जातो, ही तर मोठी जमेची बाजू आहे. ताटल्या मांडणे, मोजणे आणि वाढणे ही कामे मुलांकडे सोपवली तर काही मिनिटांपूर्वीचा खेळ तिथेच खरा होतो.

मोठ्यांनी या खेळात किती शिरावे, याबाबत थोडे तारतम्य हवे. ‘हा रंग कोणता? हे किती?’ अशी परीक्षा सुरू केली की मूल खेळ सोडून उत्तरे देऊ लागते. त्याऐवजी पाहुणे होऊन ‘आणखी दोघे जण येत आहेत बरं का’ एवढे सांगितले, तर वाट्यांचा हिशेब मूल आपणहून करते.

काय तपासावे?

खेळणी विकत घ्यायची असल्यास सुरक्षिततेकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. खेळण्यांच्या गुणवत्तेबाबतचा केंद्र सरकारचा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. त्यानुसार खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह असणे आवश्यक आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांच्या वस्तूंना यातून सूट देण्यात आली आहे. त्यामुळे जत्रेतील रंगीत लाकडी किंवा मातीची भातुकली घेताना रंग हाताला लागतो का, टवके उडतात का, हे स्वतः पाहावे. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती सुटे लहान भाग देऊ नयेत. सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळीत जो तुकडा पूर्णपणे मावतो तो घशात अडकू शकतो, असा यासाठीचा प्रचलित निकष आहे. कापायच्या खेळण्यातील फळांचे तुकडे जोडण्यासाठी लोहचुंबक वापरलेले असल्यास ते निखळत नाहीत ना, याची विशेष खात्री करावी. गिळलेले दोन चुंबक आतड्यात एकमेकांना चिकटून गंभीर इजा करू शकतात.

हाच धोका जुन्या, घरगुती भातुकलीतही आहे. अख्खे शेंगदाणे, फुटाणे आणि भिजवलेले हरभरे लहान मुलांच्या श्वासनलिकेत अडकण्याच्या घटना बालरोगतज्ज्ञांना परिचित आहेत. चार-पाच वर्षांखालील मुलांच्या भातुकलीसाठी दाण्याचे कूट, चुरमुरे, मऊ भिजवलेले पोहे आणि किसलेला गूळ द्यावा आणि मुले खात असताना जवळ बसावे.

झाशीपुरते सांगायचे तर उत्तर प्रदेश सरकारने २०१८ मध्ये सुरू केलेल्या ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत या जिल्ह्यासाठी कापडी, मऊ खेळणी निवडली आहेत. कापूस भरलेली अस्वले आणि ससे तेथे तयार होतात. अशी खेळणी घेताना शिवण ओढून पाहावी आणि डोळ्यांच्या जागी मणी लावलेले नसून भरतकाम केलेले असेल तर त्यांना प्राधान्य द्यावे. तीन वर्षांच्या मुलाच्या पंगतीत बहुधा हेच पाहुणे असतात.